जर-तरचा कारखाना

मराठीच्या प्राध्यापकांनी रासायनिक प्रक्रियांच्या सिम्युलेशनवर लेख लिहावा, याचे कुणालाही नवल वाटेल. आम्ही दोघे मराठी शिकवतो. एक नांदेडला, दुसरा लातूरला. विज्ञानाशी आमचा औपचारिक संबंध बारावीनंतर संपला. तरीही गेल्या वर्षभरात आमच्या फोनवरच्या गप्पांत कवितेपेक्षा ऊर्ध्वपातन आणि बाष्पीभवन हेच शब्द अधिक आले. या विषयाकडे आम्ही भाषेच्या वाटेने गेलो आणि त्याच वाटेने त्याविषयी काही सांगता येईल असे आम्हांला वाटते. तज्ज्ञांनी ते तेवढ्याच मर्यादेत घ्यावे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. रासायनिक कारखान्यात कच्चा माल एका टोकाने शिरतो, तो तापतो, उकळतो, थंड होतो, त्याची दुसऱ्या कशाशी अभिक्रिया होते, त्यातून काही वेगळे काढले जाते आणि दुसऱ्या टोकाने पक्का माल बाहेर पडतो. प्रत्येक नळीतून किती माल जातो, त्याचे तापमान आणि दाब किती, वाफ किती लागेल, वाया काय जाईल, हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. एक आकडा हलवला की बाकीचे हलतात. सिम्युलेटर म्हणजे हा सगळा कारखाना संगणकाच्या पडद्यावर मांडून तो हिशोब सोडवण्याची सोय. आत गेले तेवढे बाहेर आले पाहिजे, हा वस्तुमानाचा आणि ऊर्जेचा ताळेबंद हा त्याचा पाया. कारखाना उभारण्यापूर्वी तो पडद्यावर चालवून पाहता येतो, आणि उभ्या कारखान्यात काही बदलायचे असेल तर तेही आधी पडद्यावर बदलून पाहता येते.

मराठीत याला कुणी सदृशीकरण म्हणते, कुणी अनुकरण. विद्यार्थी सरळ ‘सिम्युलेशन’ म्हणतात. अनुकरण या शब्दाला आपल्याकडे नकलेचा वास येतो. सदृशीकरण बिनचूक आहे, पण तो कुणाच्या तोंडात बसलेला नाही. आम्हांला मात्र या यंत्राची खरी ओळख शब्दकोशापेक्षा व्याकरणात सापडली. शाळेत आपण क्रियापदाचे अर्थ शिकतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हे संकेतार्थाचे, मराठवाड्यात तरी कुणालाही समजावून सांगावे न लागणारे उदाहरण. सिम्युलेटर फक्त संकेतार्थात बोलतो. वाफेचा दाब इतका असेल तर रस इतका दाट होईल. मिश्रण असे वागत असेल तर शुद्धता इतकी मिळेल. त्याच्या प्रत्येक उत्तराआधी एक ‘जर’ असतो. पडद्यावर दिसतो तो मात्र ‘तर’.

आमचे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे: आमच्या भागातल्या मुलांना ‘तर’ वाचायला शिकवले जाते, ‘जर’ मांडायला शिकवले जात नाही, आणि ‘जर’ मांडायला जी भाषा लागते ती आपण त्यांच्या हाती दिलेली नाही.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेला इंधनाच्या नव्या प्रक्रिया तपासण्याची निकड भासली. तिथल्या सरकारच्या पैशातून एमआयटी या संस्थेत प्राध्यापक लॅरी इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये ‘अ‍ॅस्पेन’ हा प्रकल्प सुरू झाला आणि १९८१ मध्ये त्यातूनच एक कंपनी निघाली. आज तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगात तिच्या आज्ञावलींचे मोठे प्रस्थ आहे. योगायोग असा की १९८१ हेच नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेच्या स्थापनेचे वर्ष. विष्णुपुरीत, गोदावरीच्या काठी, मराठवाड्यातल्या मुलांना रासायनिक अभियांत्रिकी शिकण्याची सोय झाली. पण व्यावसायिक आज्ञावलींचे परवाने महाग. मोठ्या संस्थांना ते परवडतात. लहान महाविद्यालयांत कुठे एकाच संगणकावर, कुठे जुनी आवृत्ती, तर कुठे कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेली चोरटी प्रत, अशी परिस्थिती आम्ही विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकत आलो.

ही कोंडी फोडली ती मुक्त आज्ञावलींनी. ब्राझीलमधील डॅनिएल मेडेरॉस या अभियंत्याने ‘डीडब्ल्यूसिम’ हा सिम्युलेटर तयार केला आणि तो सर्वांना खुला ठेवला. आपल्याकडे मुंबई आयआयटीतील रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने तो महाविद्यालयांत नेला. विद्यार्थ्याने एखाद्या खऱ्या प्रक्रियेचा आराखडा त्यात मांडून पाठवावा, तपासणीत तो उतरला तर सर्वांसाठी खुला व्हावा आणि विद्यार्थ्याला मानधन मिळावे, अशी योजना त्यांनी राबवली. मौद्गल्य यांच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात संगणकाविषयीचे छोटे दृक्श्राव्य पाठ आहेत आणि त्यांतील अनेक मराठीसह इतर भारतीय भाषांत ऐकता येतात. साधन फुकट झाले, ही लहान गोष्ट नव्हे. कंधारचा किंवा औशाचा मुलगा आज स्वतःच्या लॅपटॉपवर तीच समीकरणे सोडवू शकतो, जी सोडवायला एके काळी एमआयटीचा संगणक लागत होता.

मग उरले काय? ते आम्हांला एका विद्यार्थ्यामुळे कळले. अकरावी-बारावीला आमच्याकडे मराठी शिकलेला, लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातला हा मुलगा रासायनिक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. दिवसाला पाच हजार टन गाळप करणाऱ्या साखर कारखान्याचा बाष्पीभवन विभाग त्याने सिम्युलेटरमध्ये मांडला होता. अहवाल चाळीस पानांचा, इंग्रजीत. वडील एका सहकारी कारखान्याचे सभासद, सहा एकर ऊस. ‘चार वर्षं काय शिकलास ते सांग’, असे त्यांनी म्हटले आणि याला सांगता येईना. तो आमच्याकडे आला तो या चाळीस पानांचे मराठीत एक पान करून घेण्यासाठी.

आम्ही आनंदाने बसलो. रस आटवणे ही काही आमच्याकडे परकी गोष्ट नाही. गुऱ्हाळावर चुलवाण असते, काहील असते, जाळ घालणारा असतो आणि साऱ्यांवर नजर ठेवणारा गुळव्या असतो. पाक तयार झाला की नाही हे तो थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून सांगतो. त्याच्या डोक्यातही एक सिम्युलेटरच चालू असतो, फक्त त्यातली समीकरणे त्याने कुणाला लिहून दिलेली नाहीत. कारखान्यात हेच काम बंद भांड्यांच्या रांगेत होते. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी उष्णतेवर उकळतो. एक किलो वाफेने एका भांड्यात साधारण एक किलो पाणी उडते, चार भांड्यांच्या रांगेत जवळपास चार किलो. ही युक्ती लुइझियानातील नॉर्बर्ट रिलियू या कृष्णवर्णीय अभियंत्याची. त्याला १८४३ आणि १८४६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्याआधी उघड्या कढयांतून उकळता रस पळ्यांनी पुढच्या कढईत ओतण्याचे जीवघेणे काम गुलामांना करावे लागे.

शब्द शोधताना मजा आली. ‘उतारा’ या एका शब्दावर अर्धा तास गेला. आमच्या लेखी उतारा म्हणजे प्रश्नपत्रिकेतला, त्याच्या वडिलांच्या लेखी सातबाराचा, कारखान्यात तो साखरेचा, आणि त्याच्या आजीच्या लेखी बाधा झालेल्या लेकरावरून ओवाळून टाकायचा. अडले ते दुसऱ्याच शब्दावर. अहवालाच्या तिसऱ्या पानावर आकृतीभोवती एक तुटक रेषा होती आणि खाली इंग्रजीत लिहिले होते की ही या हिशोबाची सीमा. ‘सीमा’ हा शब्द विद्यार्थ्यालाच पटेना. तो म्हणाला, “सर, बापूंना बांध म्हटलं की लगेच कळंल.” आम्ही ‘बांध’ लिहिले. हिशोबाचा बांध. बांधाच्या आतले मोजायचे, बाहेरचे सोडायचे.

त्या पानावरचा मुख्य मुद्दा पाण्याचा होता. उसात वजनाने सुमारे सत्तर टक्के पाणी असते. दिवसाला पाच हजार टन ऊस म्हणजे साडेतीन हजार टन, अर्थात पस्तीस लाख लिटर पाणी उसाच्या पोटातूनच कारखान्यात येते. त्यातले सात लाख लिटरच्या आसपास बगॅसबरोबर जाते असे धरले तरी उरलेले बहुतेक वाफ होऊन निघते, आणि नीट व्यवस्था केली तर त्यातले बरेचसे थंड करून पुन्हा वापरता येते. लातूरकरांना या आकड्याचे वजन वेगळे सांगायला नको. मांजरा धरण आटले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली, तेव्हा तिच्या दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, तिच्यात पंचवीस लाख. म्हणजे एका कारखान्यात रोज एका भरलेल्या पाणीगाडीहून अधिक पाणी उसाच्या पोटातून येते. कारखान्याने बाहेरचे पाणी कसे कमी उचलावे, हे त्या मुलाने सिम्युलेटरमध्ये भांड्यांची रचना बदलून दाखवले होते. काम चांगले होते आणि गुणही चांगले मिळाले होते.

त्याने ते मराठी पान घरी वाचून दाखवले. वडिलांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, “समदं बराबर हाय बाबा. पर ऊस फाट्यावर यायच्या आधी जे पाणी पेला, ते कुठं हाय ह्यात?”

हा प्रश्न त्याने आम्हांला फोन करून सांगितला, आणि मग आम्ही तिघांनी कागदावर साधा हिशोब मांडला. उसाला पूर्ण वाढीसाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, पाऊस धरून. लातूर जिल्ह्यात पाऊस पडतो साधारण सातशे-आठशे मिलिमीटर; बाकीचे धरणातून, विहिरीतून, बोअरमधून. दोन हजार मिलिमीटर म्हणजे हेक्टरी वीस हजार घनमीटर. हेक्टरी ऐंशी टन ऊस निघाला, असे उदार मनाने धरले, तर एका टनामागे अडीचशे घनमीटर. पाच हजार टनांमागे साडेबारा लाख घनमीटर, म्हणजे सव्वाशे कोटी लिटर. त्यापुढे ते पस्तीस लाख लिटर म्हणजे हजारातले तीनसुद्धा नव्हेत.

येथे सिम्युलेटरची चूक शोधू नये. त्याने आखून दिलेल्या बांधाच्या आतला हिशोब अचूक केला होता. विद्यार्थ्याचीही चूक नाही; अभियांत्रिकीत हिशोबाला सीमा आखावीच लागते, आणि कारखान्यातले पाणी वाचवणे हे कामही खरेच आहे. मुद्दा असा की चाळीस इंग्रजी पानांत त्या तुटक रेषेविषयी कुणी काही विचारले नाही, मार्गदर्शकाने नाही की परीक्षकाने नाही. ती रेषा ‘बांध’ झाली तेव्हा पहिल्याच श्रोत्याने विचारले. बांध हा शब्द ज्याला कळतो, त्याला बांधाच्या पलीकडेही कुणाचे तरी शेत असते हेही कळते.

हाच प्रकार दुसऱ्या बाजूनेही दिसतो. आता अनेक साखर कारखान्यांशेजारी आसवन्या उभ्या आहेत. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होते. त्या प्रमाणाला द्रव आणि त्याची वाफ यांतले प्रमाण एकच असते, म्हणून कितीही उकळले तरी पुढे जाता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे इथेनॉल करायला उरलेले पाणी वेगळ्या उपायाने शोषून घ्यावे लागते. पण सिम्युलेटरमध्ये सुरुवातीला ‘हे मिश्रण आदर्श आहे’ असे गृहीत निवडले, तर तो साध्या ऊर्ध्वपातनानेच शंभराच्या अगदी जवळची शुद्धता काढून दाखवतो. कुठेही लाल दिवा लागत नाही. ‘सर, कन्व्हर्ज झालं’, असे विद्यार्थी आनंदाने सांगतो. गणित सुटले हे खरे; ते कोणत्या जगातले सुटले, हे त्या शब्दात येत नाही. आणि काही ‘जर’ तर रसायनशास्त्राच्याही बांधाबाहेर असतात. उसाच्या रसापासून इथेनॉल करायचे असे धरून ज्यांनी आराखडे केले, त्यांच्यापुढे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारचे निर्बंध उभे राहिले. पुढच्या हंगामासाठी ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. कोणत्याही समीकरणात ही तारीख नव्हती.

याचा अर्थ सिम्युलेशन नको असा कुणी घेऊ नये. उद्योगात त्याची जागा फार मोलाची आहे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक मनोरा सुरू करताना प्रमाणाबाहेर भरला, ज्वालाग्राही द्रव उसळून बाहेर आला आणि स्फोटात १५ माणसे गेली. चौकशी मंडळाच्या अहवालात जी अनेक कारणे आली, त्यांत कामगारांचे अपुरे प्रशिक्षण होते. असाधारण परिस्थिती हाताळण्याचा सराव करायला सिम्युलेटर उपलब्ध नव्हता, हेही त्यात नोंदवले आहे. जी चूक प्रत्यक्षात एकदाही परवडत नाही, ती पडद्यावर शंभर वेळा करता येते. ‘मीटर खोटे बोलत असेल तर काय?’ हे विचारायला शिकवणारे साधन म्हणून त्याची किंमत आहे. म्हणजे तिथेही शिकायचा असतो तो ‘जर’च.

आमच्याकडची अडचण तिथेच आहे. लातूर पॅटर्नचे कौतुक आम्हांलाही आहे. खेड्यातल्या मुलांना त्याने डॉक्टर-इंजिनियर केले. पण ठरलेल्या प्रश्नाचे ठरलेले उत्तर ठरलेल्या वेळात देण्याची सवय ही आज्ञार्थाची सवय आहे. सोडव, लिही, खूण कर. त्या सवयीने मुलगा सिम्युलेटरपुढे बसला की त्याला तो एक मोठा गणनयंत्रच वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत प्रयोगशाळा बंद झाल्या, तेव्हा पडद्यावरच्या प्रयोगांनी वेळ निभावून नेली, हे उपकारच. पण ऊर्ध्वपातनाचा मनोरा, त्याचा आवाज, त्याची धग प्रत्यक्ष न अनुभवता केवळ पडद्यावरचे चौकोन जोडून प्रात्यक्षिक झाले, असे मानण्याचा मोह तेव्हापासून अनेक ठिकाणी उरला आहे.

आणि भाषा. मराठवाड्याला या प्रश्नाचा जुना अनुभव आहे. नांदेड आणि लातूर हे मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी उर्दूतून शिकवली जात होती. त्यासाठी खास भाषांतर विभाग होता आणि तिथे ग्रंथ आणि परिभाषा दोन्ही घडवली गेली. मराठी मुलाची मातृभाषा त्यातही नव्हती, हे दुःख वेगळे. पण भारतीय भाषेत रसायनशास्त्र शिकवता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना आमच्याच प्रदेशाच्या इतिहासात उत्तर आहे. २०२१ मध्ये अभियांत्रिकी मराठीसह काही भारतीय भाषांतून शिकवण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिली, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. पण बांध हा शब्द ना मान्यतेतून आला ना दर्जातून. तो एका मुलाला बापाशी बोलायचे होते म्हणून आला.

यापुढे काय करावे, यावर आमच्या दोघांत एकमत नाही. नांदेडकराचे म्हणणे, पाठ्यपुस्तकेच मराठीत झाली पाहिजेत, त्याशिवाय हे टिकणार नाही. लातूरकराचे म्हणणे, मुलांना नोकऱ्या पुण्या-मुंबईत आणि परदेशात करायच्या आहेत, आज्ञावली इंग्रजीत राहणार, तेव्हा अहवाल इंग्रजीतच असू द्या. पण प्रत्येक अहवालाला मराठीत एक पान जोडा. त्या पानावर उत्तर लिहायचे नाही. फक्त गृहीते लिहायची: मी काय धरले, काय सोडले, बांध कुठे घातला आणि का. सध्या हे दुसरे काम आम्ही हाती घेतले आहे, कारण ते उद्यापासून करता येते. तीन-चार विद्यार्थी अशी पाने घेऊन येतात. त्यातल्या रसायनशास्त्रातले आम्हांला फारसे कळत नाही, म्हणूनच आम्ही विचारत राहतो, आणि सांगता सांगता त्यांनाच आपला एखादा निसटलेला ‘जर’ सापडतो.

त्या पहिल्या विद्यार्थ्याने आपले पान पुन्हा लिहिले आहे. आकडे तेच आहेत. शेवटी एक ओळ वाढली आहे: शेतातले पाणी या हिशोबात धरलेले नाही, ते धरले तर निष्कर्ष बदलेल. वाचकांपैकी कुणी साखर कारखान्यात, आसवनीत किंवा औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करत असतील, तर आमची एक विनंती आहे. नळ्या, वाफ, दाब, गळती यांसाठी तुम्ही एकमेकांत जे शब्द वापरता, ते आम्हांला कळवा. कोशातले शब्द आमच्याकडे आहेत. आम्हांला हवे आहेत ते रात्रपाळीत, भांड्याजवळ उभे राहून मोठ्याने बोलले जाणारे.